घरच्या टाकींतील मिशाळ मासे

शाकाहारी घरांत मासा आणावयाचा म्हटला म्हणजे तो पानांत वाढण्यासाठीं नसून पाहण्यासाठीं आहे, एवढें पटवून देण्यांतच अर्धी शक्ति खर्च होते. आमच्या वाईच्या घरीं हा प्रश्न सहा वर्षांपूर्वीं उपस्थित झाला. आमच्या पुतण्यानें मुंजीची भेट म्हणून सायकल, घड्याळ इत्यादि सर्व नाकारून काचेची टाकी मागितली. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. तेव्हां मतेंही अकरा पडलीं. शेवटीं मातोश्रींनीं तीन अटींवर संमति दिली. टाकी देवघर व स्वयंपाकघर यांच्या वाटेवर नसावी. माशांचें खाणें घरच्या भांड्याकुंड्यांस लागूं नये. आणि मेलेला मासा रात्रभर घरांत राहूं नये. तिसरी अट ऐकून आम्ही मनांत हंसलों. पुढल्या पंधरवड्यांत ती आम्हांस चार वेळां पाळावी लागली.

या अपयशाची हकीकत सांगणें जरूर आहे, कारण ती बहुतेक नवशिक्यांच्या घरची हकीकत आहे. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच. तींत वाळू घालून सुमारें पन्नास लिटर पाणी राहतें. दुकानदारानें सांगितलें, "पाणी भरा आणि मासे सोडा." आम्हीं तसें केलें. चार सोनेरी गोल्डफिश, एक बोटाएवढा मिशाळ मासा, आणि "हा टाकी साफ ठेवील" असें म्हणून दुकानदारानें वर फुकट दिलेला एक दोन इंचांचा काळसर, ठिपकेदार मासा, असे सहा जीव त्या आरशासारख्या स्वच्छ पाण्यांत पडले. चारी गोल्डफिश एकामागून एक वर येऊन तोंडें उघडीत मेले. पुतण्याचें जेवणावरचें मन उडालें, आणि मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत हें त्यांच्या बोलण्यापेक्षां अधिक लागलें.

चूक काय झाली तें मागाहून वाचून कळलें. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या खाण्यांतून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु माशांचे कल्ले जाळून टाकतो. मुरलेल्या टाकींत वाळूवर, दगडांवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजांत सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. त्यांपैकीं कांहीं अमोनियाचें नायट्राइट करितात व दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानानें सौम्य असून आठवड्याच्या आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलल्यानें तें आटोक्यांत राहतें. नव्या टाकींत हे जंतु मुळींच नसतात, आणि त्यांची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्याच्या जुन्या टाकींतला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या टाकींत ठेवला तर हें काम लवकर होतें. हें सर्व आम्ही मातोश्रींना समजावून सांगूं लागलों, तोंच त्या म्हणाल्या, "म्हणजे विरजण. मग तें न लावतां दही लागेल अशी आशा तुम्हीं केलीच कशी?" एवढ्या थोडक्या शब्दांत हा विषय आम्हीं कोणत्याही पुस्तकांत वाचला नव्हता. नळाच्या पाण्यांतील क्लोरीनचीही गोष्ट तशीच. पसरट भांड्यांत चोवीस तास पाणी उघडें ठेवलें म्हणजे तो बहुतांशीं उडून जातो. परंतु जेथें क्लोरीनऐवजीं क्लोरामीन वापरतात तेथें नुसतें ठेवून भागत नाहीं, त्यासाठीं दुकानांत मिळणारें औषध घालावें लागतें.

आतां आश्चर्य असें कीं, चार गोल्डफिश गेले त्या पाण्यांत उरलेले दोन जगले. दोघेही निरनिराळ्या कुळांतले, पण जातीनें मिशाळ. इंग्रजींत या माशांस कॅटफिश म्हणतात तें त्यांच्या तोंडाभोंवतींच्या मांजरासारख्या मिशांवरून. आमच्याकडील शिंगाळा व मागूर हे यांचेच भाऊबंद. या गणांत तीन हजारांहून अधिक जाति आहेत. त्यांस इतर माशांसारखे खवले नसतात, अंग उघडें तरी असतें किंवा हाडाच्या पट्ट्यांनीं चिलखत घातल्यासारखें तरी असतें. पुष्कळ जातींस कल्ल्यांखेरीज श्वासाचें दुसरें साधन आहे. आमच्या लहान मिशाळ माशाचें नांव कोरिडोरस. तो मधूनच बाणासारखा वर जातो, पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि पुन्हां तळ गांठतो. ती हवा त्याच्या आंतड्याच्या मागल्या भागांत जाते व तेथील नाजूक रक्तवाहिन्या तींतला प्राणवायु शोषून घेतात. दुसरा, ठिपकेदार, आपल्या पोटाचाच फुप्फुसासारखा उपयोग करितो. कल्ले जळत असतां या दोघांस ही दुसरी वाट उपयोगी पडली असावी असें आमचें अनुमान आहे.

कोरिडोरस हें नांव फ्रेंच पंडित लासेपेद यानें १८०३ सालीं ठेवलें. ग्रीक भाषेंतील शिरस्त्राण या शब्दावरून तें आलें आहे. त्याच्या प्रत्येक कुशीवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोन रांगा कौलें घातल्याप्रमाणें बसविलेल्या असतात. हीं सर्व मंडळी दक्षिण अमेरिकेची. आमच्याजवळ होती ती कांस्यवर्णी जाति. तिचें शास्त्रीय वर्णन १८५८ सालीं त्रिनिदाद बेटावरील माशांवरून झालें. दुसरी प्रसिद्ध जाति ठिपक्यांची. तिचे नमुने डार्विननें आपल्या 'बीगल' जहाजाच्या सफरींत गोळा केले, व १८४२ सालीं जेनिन्सनें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. २०२४ सालीं विद्वानांनीं या अवाढव्य कुळाची वांटणी करून बऱ्याच जातींचीं आडनांवें बदललीं. एकत्र कुटुंबांतल्या वाटण्यांसारखीच ही गोष्ट. कागदोपत्रीं नांवें फिरलीं, पण शेजारीपाजारी जुन्या नांवानेंच हाका मारितात. आम्हींही येथें जुनेंच नांव ठेवलें आहे.

या माशाविषयीं एक गैरसमज इतका रूढ आहे कीं, तो आधीं काढून टाकला पाहिजे. दुकानांत हे मासे 'सफाईचे मासे' म्हणून विकतात. इतर माशांची घाण खाऊन ते टाकी स्वच्छ करतील, वेगळें खाणें नको, असा गिऱ्हाइकाचा समज करून दिलेला असतो. कोणताही मासा दुसऱ्याच्या विष्ठेवर जगत नाहीं. वरचे मासे खाऊन उरलेलें कण तळाशीं आले तर मिशाळ मासे तें वेंचतात, इतकेंच. उरलें नाहीं तर उपाशी राहतात. आणि अंगावर चिलखत असल्यामुळें त्यांचें रोडावणें लवकर लक्षांतही येत नाहीं. नोकर म्हणून आणावयाचें आणि जेवूं घालावयाचें नाहीं, हा व्यवहार कोणत्याही घरास शोभणारा नव्हे. संध्याकाळीं दिवा मालवण्यापूर्वीं तळाशीं बुडणाऱ्या गोळ्या त्यांच्यासाठीं स्वतंत्र टाकल्या पाहिजेत.

येथें शाकाहारी वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या गोळ्यांत माशांची पूड असते. कोरिडोरस हा प्राणी रानांत किडे, अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव यांवर जगतो. त्यास केवळ भाजीपाल्यावर ठेवूं म्हटलें तर तो झुरेल. ज्या घरास ही गोष्ट सोसणार नाहीं त्या घरानें तो आणूं नये. आणून त्यास आपला आहार शिकवूं नये. आमच्या घरांत यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटीं गोळ्यांचा डबा व्हरांड्यांतील एका फळीवर गेला व खाणें घालणाऱ्यानें हात धुतल्याशिवाय आंत येऊं नये असा नियम झाला. हा नियम आरोग्यदृष्ट्याही उत्तम आहे. गाळणी धुण्याचें काम वा नळीनें पाणी ओढण्याचें काम मुलांकडे असेल तर नळी तोंडानें ओढूं देऊं नये. नळी पाण्यानें भरून, दोन्ही टोकें दाबून मग एक टोंक बादलींत सोडावें.

कोरिडोरस एकटा राहत नाहीं. आमचा एकुलता एक मासा टाकीच्या कोपऱ्यांत आपल्याच प्रतिबिंबाशेजारीं बसून असे. किमान सहांचा तांडा असावा, तोही एकाच जातीचा. सहा झाले कीं त्यांची वागणूक पार पालटते. सारीं तोंडें खालीं करून वाळू चाळीत, एकमेकांस मिशांनीं चाचपीत, पंगत उठल्यासारखीं सारीं एकदम एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जातात. डोळा फिरवून डोळा मिचकावल्यासारखें करण्याची त्यांची एक लकब आहे. मुलें तीवर तासन् तास खिळून राहतात. तळाशीं मात्र बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. टोंकदार रंगीत खडी दिसावयास मोहक, पण तिनें व तींत सांचलेल्या घाणीनें मिशा झिजतात, आणि मिशा गेलेल्या माशास आपलें अन्न सांपडत नाहीं. जाळीनें पकडूं नये. परांचे कांटे जाळींत अडकतात व बोटांत घुसले तर आग होते. वाटी पुढें धरून हळूच आंत घ्यावें. (आपल्या नद्यांतला शिंगी मासा मात्र कोणीं हौसेनें घरांत आणूं नये. त्याच्या कांट्याचें विष फार दुःखदायक असतें.)

आमच्या दुसऱ्या चुकीचें नांव वैशाख. कांस्यवर्णी माशास सोबती म्हणून आम्हीं डार्विनच्या ठिपक्यांच्या जातीचे पांच आणले. ती जाति ला प्लाटा नदीच्या खोऱ्यांतली, म्हणजे थंड पाण्यांतली. वीस-बावीस अंशांत ती सुखी असते. वाईच्या उन्हाळ्यांत आमच्या टाकींतील पाणी तेहतीस अंशांवर गेलें. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. पांचांपैकीं दोन गेले, उरलेले तीन आम्हीं थंड हवेच्या ठिकाणच्या एका स्नेह्यांकडे पाठविले, आणि कांस्यवर्णी जातीचेच पांच आणून तांडा पुरा केला. ही जाति उष्णता अधिक सोसते. तरीही तेव्हांपासून चैत्र लागला कीं टाकीचें झांकण काढून पृष्ठभागावर पंखा सोडतों, वर बारीक जाळी पसरतों; एवढ्यानें दोनतीन अंश उतरतात. बर्फ थेट पाण्यांत टाकूं नये. फारच निकड पडली तर बंद बाटलींत घालून ती तरंगत ठेवावी. आपल्या हवेंत कोणती जात टिकेल हें पाहून मासा निवडावा, रंग पाहून नव्हे. लग्नें जमवितांनाही लोक याच्या उलट करितात, तेव्हां माशांच्या बाबतींत दोष कोणास द्यावा!

आतां प्रजननाविषयीं. कैदेंतील कोरिडोरसची पहिली वीण पॅरिस येथें कार्बोनिये यानें १८७८ सालीं साधली. म्हणजे ही विद्या कांहीं नवी नाहीं. तरी आमच्या टाकींत दोन वर्षें कांहीं घडलें नाहीं. नर-मादी ओळखणें वरून पाहिल्यास सोपें. मादी रुंद व भरदार, नर सडपातळ. एका मादीस दोन नर असावेत. खाणें उत्तम, पाणी उत्तम, तरी अंडीं नाहींत. तिसऱ्या वर्षीं मृगाच्या सुमारास दोन दिवस ढग दाटून आले, आणि पुतण्यानें रात्रीं तिसरा हिस्सा पाणी काढून अंगणांत गार झालेलें, टाकीपेक्षां चार-पांच अंश थंड असें पाणी हळूहळू आंत सोडलें. हेंच मर्म होतें. दक्षिण अमेरिकेंत उन्हाळा संपून पावसाचें थंड, ताजें पाणी ओढ्यांत शिरलें म्हणजे या माशांचा विणीचा काळ येतो. हवेचा दाब उतरलेलाही त्यांस कळत असावा असें पाळणारे सांगतात. दुसऱ्या दिवशीं पहांटे मातोश्री फुलें काढावयास उठल्या असतां त्यांनींच प्रथम पाहिलें आणि सर्वांस हाक मारिली: "अरे, हीं आज सारवण घालीत आहेत!" मादी तोंडानें कांच पुसून काढीत होती, आणि नर तिच्या मागेंपुढें धांवत होते.

पुढचा प्रकार वडील मंडळींची क्षमा मागून सांगतों, कारण तो सृष्टींतील एक विलक्षण प्रकार आहे. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशीं तोंड लावून क्षणभर स्तब्ध राहते. इंग्रजी टी या अक्षराप्रमाणें दोघांची आकृति दिसते. त्याच वेळीं ती आपले पोटाखालचे दोन पर जुळवून त्यांची ओंजळ करिते आणि तींत दोनचार अंडीं घालते. तीं अंडीं फळतात कशीं, हें पुष्कळ वर्षें कोडें होतें. १९९५ सालीं जपानी संशोधकांनीं मादीच्या तोंडाशीं निळा रंग सोडून पाहिलें, तों तो रंग थोड्याच क्षणांत तिच्या आंतड्यांतून पार होऊन त्या ओंजळींत उतरला. नराचें बीज मादी तोंडानें घेते आणि तें जसेंच्या तसें अंड्यांपर्यंत पोंचतें. मग ती पुसून ठेवलेल्या जागेवर ओंजळ उघडून अंडीं चिकटविते व पुन्हां फिरते. हें सकाळपासून दुपारपर्यंत चाललें. त्या दिवशीं आमच्या घरीं स्वयंपाकास उशीर झाला, आणि त्याबद्दल कोणी कोणास बोललें नाहीं.

अंडीं घालून झालीं कीं आईबापांचें कर्तव्य संपतें. इतकेंच नव्हे, भूक लागली तर तीं आपलींच अंडीं खातात. म्हणून तीं त्याच दिवशीं काढलीं पाहिजेत. अंडें मऊ वाटलें तरी चिवट असतें; जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनें आम्हीं तीं कांचेवरून अलगद सोडविलीं. मोजतां एकशें सदतीस भरलीं. तीं त्याच टाकीचें पाणी घेतलेल्या एका पसरट डब्यांत ठेवून हवेची बारीक नळी सोडावी, म्हणजे पाणी सतत हालतें. न फळलेलीं अंडीं पांढरीं पडतात व त्यांवर बुरशी येऊन ती शेजारच्या चांगल्या अंड्यांस ग्रासते. तेव्हां पांढरें दिसलें कीं ड्रॉपरनें उचलावें. मेथिलीन ब्लूचे एकदोन थेंब घालून पाणी फिकट निळें करण्याची चाल आहे. बंगल्यांच्या आवारांत जें मोठ्या पानांचें देशी बदामाचें झाड असतें त्याचें वाळलेलें पानही टाकतात. त्याचा काढा पाण्यांत उतरून बुरशीस आळा बसतो. आम्हीं दोन्ही केलें.

चौथ्या दिवशीं पिलें निघालीं. दोन दिवस तीं आपल्या पोटाखालच्या पिवळ्या बलकावर राहतात, तोंपर्यंत खाणें घालूं नये. नंतर मात्र दिवसांतून चारपांच वेळां सूक्ष्म खाणें हवें. पुस्तकांत उकडलेल्या अंड्याचा बलक सांगितला आहे, तो आमच्या घरीं शक्य नव्हता, आणि त्यानें पाणीही फार लवकर नासतें. आम्हीं पुण्याच्या एका छंदिष्ट गृहस्थांकडून मायक्रोवर्म नांवाच्या, केसाहून बारीक अशा अळ्यांचें बियाणें आणलें. शिजवलेले ओट्स एका डब्यांत पसरून वर चिमूटभर यीस्ट व तें बियाणें घातलें, झांकणास भोंकें पाडलीं, कीं चारपांच दिवसांत अळ्या डब्याच्या भिंतींवर चढूं लागतात. त्या बोटानें पुसून पिलांच्या डब्यांत धुवावयाच्या. त्या डब्याचा वास आंबवणासारखा येतो. पुतण्यानें तो विसरून व्हरांड्याऐवजीं आंतल्या फळीवर ठेविला, आणि आमच्या वहिनींनीं आंबोळीचें पीठ म्हणून उघडला. त्या प्रसंगाचें वर्णन आम्ही करीत नाहीं. मातोश्रींच्या दुसऱ्या अटीची त्या दिवशीं जाहीर वाचन होऊन पुनर्घोषणा झाली.

पिलें मरतात तीं बहुधा उपासमारीनें नव्हे, तळाशीं सांचलेल्या उरल्यासुरल्या अन्नानें. म्हणून डब्याचा तळ रोज दोनदां ड्रॉपरनें पुसावा व तितकेंच मुरलेलें पाणी घालावें. आमच्या एकशें सदतीस अंड्यांतून शहाण्णव पिलें निघालीं आणि दीड महिन्यानें एकेचाळीस राहिलीं. पहिल्या खेपेस एवढें पुष्कळ झालें असें जाणते म्हणतात. पुतण्या मात्र गेलेल्या पंचावन्नांची नोंद वहींत ठेवून होता.

केवळ भाजीपाल्यावर बव्हंशीं भागावें अशी ज्या घराची इच्छा असेल त्यानें ॲन्सिस्ट्रस हा मासा पाहावा. हाही दक्षिण अमेरिकेचाच. पांच इंचांहून सहसा वाढत नाहीं. नराच्या नाकावर झुडपासारखे मऊ फांटे फुटतात, त्यामुळें तो प्रथमदर्शनीं विद्रूप दिसतो. काकडीची चकती, वाफवलेला दोडका, पालकाचें पान हें त्याचें आवडतें अन्न, आणि टाकींत एक लांकडाचा ओंडका त्यास चघळावयास लागतो. मधूनमधून एखादी गोळीही द्यावी. त्यास लपावयास नारळाची करवंटी पालथी घालून दार कोरून दिलें होतें. त्या करवंटींत मादी नारिंगी अंड्यांचा घोंस घालून निघून गेली, आणि नर दारांत बसून आठ दिवस परांनीं वारा घालीत राहिला. जेवावयासही तो फारसा बाहेर आला नाहीं. पिलें निघाल्यावरही बलक संपेपर्यंत त्यानें त्यांस दाराबाहेर पडूं दिलें नाहीं. आमच्या घरांतील स्त्रीवर्गानें हा मासा पुरुषमंडळींस मुद्दाम बोलावून दाखविला.

मिशाळ कुळांत सर्वच असे सज्जन नाहींत. आफ्रिकेंतील टांगानिका सरोवरांत एक ठिपक्यांचा सिनोडोंटिस आहे. तेथील कांहीं मासे आपलीं अंडीं तोंडांत धरून उबवितात; हा त्यांच्या विणीच्या गडबडींत आपलीं अंडीं मध्येंच टाकतो, ती बिचारी परकीं अंडीं आपलीं समजून तोंडांत घेते, आणि याचीं पिलें आधीं निघून तिचींच पिलें खातात. कावळीच्या घरट्यांतल्या कोकिळेपेक्षांही हें अधिक क्रूर. त्याच कुळांतला कांगोचा एक मासा बहुधा पोट वर करून पोहतो, म्हणून इतर माशांची पाठ काळसर तसें याचें पोट काळें आहे.

आतां त्या फुकट मिळालेल्या ठिपकेदार माशाकडे वळतों, कारण हा लेख लिहिण्याचें खरें कारण तोच आहे. त्याचें नांव टेरिगोप्लिक्थिस. दुकानांत त्यास नुसतें 'सकर' म्हणतात, कारण तोंडानें तो कांचेस चिकटून राहतो. दोन इंचांचा आला तो तीन वर्षांत फूटभर झाला. त्याची वाढ दीड फुटांपर्यंत जाते आणि तो दहा-पंधरा वर्षें जगतो. शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आम्हांस रोज आठवूं लागली. हातपाय धुण्याच्या पाण्यांत मनूच्या हातीं एवढासा मासा आला. तो वाढला तेव्हां मनूनें त्यास घटांतून खड्ड्यांत, आणि खड्ड्यांतून समुद्रांत नेलें. आमच्याजवळ घट होता, खड्डा नव्हता. दोन फुटांच्या टाकींत त्यास वळतां येईना. शेपटीच्या एका फटक्यानें रोपें उपटलीं जात, आणि कोरिडोरस कोपऱ्यांत दबून असत.

त्या वर्षीं अनंतचतुर्दशीस गणपति निघाले, तों पुतण्या झांकण लावलेली बादली घेऊन मागें चाललेला आम्हांस दिसला. विचारतां म्हणाला, "याला कृष्णामाईंत सोडतों. आजी म्हणाली, मुक्या जिवाला मोकळें केल्याचें पुण्य लागतें." आम्हीं त्यास दारांतच अडविलें. बादलीवर ठेवलेला हात त्यानें काढिला नाहीं. डोळ्यांत पाणी आलें. "मग त्याला असाच कुजवायचा का?" हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो मासा त्याच्यापाशीं आम्हींच आणिला होता.

नदींत कां सोडूं नये, हें त्याच्याइतकेंच मातोश्रींनाही सांगावें लागलें. हा मासा आपल्या नद्यांचा नाहीं. अंगावरील चिलखतामुळें व ताठ कांट्यांमुळें इतर मासे किंवा पक्षी यांस तो गिळणें कठीण जातें. पाणी आटलें व प्राणवायु कमी झाला तरी हवा घेऊन तो जगतो, आणि अंडीं घालण्यासाठीं नदीच्या कांठांत हातभर खोल बिळें पाडतो, त्यानें कांठ ढासळतात. तळाशीं घासून तो शेवाळ खातो, त्याबरोबर इतरांचीं अंडींही जातात. मेक्सिकोंतील इन्फिएर्निओ जलाशयांत याच जातीच्या माशांनीं कोळ्यांचीं जाळीं भरूं लागलीं व तेथील मासेमारीचा धंदा बसला. आपल्या देशांतही केरळांत, कोलकात्याच्या पाणथळींत, बिहारांत व वाराणसीस गंगेंत हे मासे सांपडले आहेत. ते कोणीं मुद्दाम पेरले नाहींत. कोणाच्या तरी टाकींत मावेनासे झाले म्हणून कोणीतरी दयाबुद्धीनें सोडले, किंवा पाळणाऱ्यांच्या तळ्यांतून पुरांत निसटले. आफ्रिकी मागुराची गोष्ट याहून वाईट. इतर मासे फस्त करणाऱ्या त्या जातीच्या पैदाशीस सन २००० मध्यें केंद्र सरकारनें बंदी घातली, तरी चोरून तळीं चालविणारे पुढेंही सांपडत राहिले.

मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "म्हणजे याला जीवदान दिलें तर नदींतल्या हजारांचा घास. मग हें पुण्य कोणाच्या खात्यावर मांडायचें?" आणि त्या स्वतः पुतण्यास जवळ घेऊन बसल्या. त्या रात्रीं गणपति आमच्याशिवायच गेले. बादली रात्रभर व्हरांड्यांत, हवेची नळी सोडून ठेविली.

पुढें बारा दिवस आम्ही त्या माशास घर शोधीत होतों. विकणाऱ्या दुकानदारानें परत घेण्यास साफ नकार दिला. मुंबईपुण्याच्या छंदिष्टांकडे विचारलें, तर त्यांच्याकडेही असेच नकोसे झालेले मासे होते. अखेर एका शाळेच्या आवारांत मोठा सिमेंटचा बंदिस्त हौद मिळाला. त्याचें पाणी झाडांस जातें, ओढ्यास वा गटारास मिळत नाहीं, हें आम्हीं प्रथम पाहून घेतलें. तेथें तो आजही आहे. पुतण्या दर रविवारीं दोडक्याच्या चकत्या घेऊन जातो. आतां तो दीड फुटांच्या जवळ आला आहे असें त्याचें म्हणणें. आम्हांस तो पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो तेवढाच क्षणभर दिसतो.

म्हणून टाकी घेणाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं, दुकानांत लहान मासा दाखवितील तेव्हां तो पुरा वाढल्यावर केवढा होतो हें आधीं विचारावें, आणि फुकट दिला तर हा प्रश्न दोनदां विचारावा. रोगट मासा, जास्त झालेलीं पिलें, गोगलगायी, एवढेंच नव्हे तर टाकींतील जास्त झालेली वनस्पतिही नदींत, विहिरींत वा तळ्यांत टाकूं नये. वनस्पति उन्हांत वाळवून मग खतांत घालावी.

एकेचाळीस पिलांपैकीं बत्तीस आम्हीं ओळखीच्या सहा घरीं दिलीं. प्रत्येक घरीं पुतण्या स्वतः जाऊन टाकी मुरली आहे कीं नाहीं, तळाशीं वाळू आहे कीं खडी, हें पाहून आला. एका घरीं रंगीत खडी दिसली, तेथून तो डबा तसाच परत घेऊन आला, व त्यावरून आमचा त्या घराशीं महिनाभर अबोला होता. पुढें त्यांनीं वाळू घातली. उरलेलीं नऊ आतां मोठीं झालीं असून तीं आमच्याच टाकींत आहेत, आणि यंदाच्या मृगांत त्यांतल्या एका मादीनें गाळणीच्या नळीवर अंडीं चिकटविलीं. तीं मोजण्याचें काम या खेपेस मातोश्रींनीं चष्मा लावून केलें. त्यांचा आंकडा अठ्ठ्याऐंशीं आहे, पुतण्याचा ब्याण्णव.